भीती गेली असं मी खोटं सांगितलं

आमच्या मंडळीत साक्ष देण्याची रीत आहे. कुणी मोठ्या दुखण्यातून उठलं की उपासना संपल्यावर त्यानं पुढे उभं राहायचं, काय झालं ते सांगायचं आणि प्रभूचे उपकार मानायचे. माझं औषध बंद झालं त्या वर्षी, नाताळच्या आधीच्या रविवारी, मलाही उभं केलं. मी म्हणाले, "मला महारोग झाला होता. प्रभूनं मला धीर दिला, माझी भीती काढून घेतली आणि मला बरं केलं." बायांनी डोळे पुसले. पाळकसाहेबांनी गीत सुरू केलं. मी जागेवर येऊन बसले.

बरं केलं, हे खरं आहे. धीर दिला, असंही मी म्हणेन. भीती काढून घेतली, हे मात्र खोटं होतं. मी पहिल्या दिवशी घाबरले ती घाबरलेलीच राहिले. आजही अंघोळ करताना माझा हात आपोआप कानाच्या पाळीवर जातो. या रोगात पाळी जाडावते. जाड तर लागत नाही ना?

त्या साक्षीनंतर सेलूहून एक तरुण बाई मला भेटायला आली. तिचं निदान नुकतंच झालं होतं. ती म्हणाली, "ताई, तुमची भीती गेली. माझी जात नाही. माझा विश्वास कमी पडतो का?" मला तिच्याकडे बघवलं नाही. चहा केला, इकडचं तिकडचं बोलले आणि तिला बसमध्ये बसवून दिलं. तेव्हा जे सांगायला हवं होतं ते आता लिहिते आहे.

झाकण

आणीबाणी उठून वर्ष होत आलं होतं. मी आंजीच्या पुढे एका खेड्यात उपकेंद्रावर नर्स होते. आम्ही आंजीत राहायचो. आमचे हे, योहान, वर्ध्याला रेल्वेच्या पार्सल ऑफिसात होते. मुलगी करुणा तेरा वर्षांची. लेकरं आमच्या हातून जन्मायची, त्यामुळे खेड्यात मला मान होता. म्हाताऱ्यासुद्धा "नर्सबाई, बसा जी" म्हणत खाट पुढे करायच्या.

लस टोचायचा दिवस होता. काचेच्या सिरिंजा आणि सुया स्टोव्हवर पातेल्यात उकळत होत्या. ओसरीवर बाया लेकरं घेऊन बसल्या होत्या. मी बोलता बोलता डाव्या हातानं झाकण उचललं आणि तसंच धरून उभी राहिले, कारण कुणीतरी मागच्या डोसाची तारीख विचारत होतं.

पुढे बसलेली एक बाई किंचाळली. "नर्सबाई! हात भाजून राह्यला ना तुमचा!"

मी खाली पाहिलं. करंगळी आणि तिच्या शेजारचं बोट, दोन्हींची कातडी पांढरी पडून सुटत होती. वास येत होता. दुखत नव्हतं. अजिबात दुखत नव्हतं.

त्या क्षणी मला सगळं कळलं. मनगटाच्या वर एक फिकट चट्टा गेल्या उन्हाळ्यापासून होता. शिबं असेल म्हणून मी त्याला पावडर लावत होते. तपासणीच्या मोहिमेत मी कितीतरी लोकांना डोळे मिटायला सांगून अंगावरून कापसाची वात फिरवली होती. कुठे लागतं ते बोटानं दाखवा, म्हणायची. माझ्या स्वतःच्या चट्ट्यावरून ती वात मी एकदाही फिरवली नव्हती. का नव्हती फिरवली, हे मला तेव्हाही माहीत असावं.

मी सगळ्या लेकरांना लस टोचली. हसून बोलले. बाया गेल्यावर दार लावून बाळंतपणाच्या टेबलावर बसले, डोळे मिटले आणि वात फिरवली. काही लागलं नाही. डोळे उघडले तर वात चट्ट्याच्या मधोमध होती.

दोन महिने मी कुणाला सांगितलं नाही. मे महिन्यात लांब बाह्यांचं पोलकं घालून फिरले. त्या दोन महिन्यांत मी बाळंतपणंही केली, हातमोजे घालून, पण केली. ती घरं मला एकेक करून आठवतात. ही गोष्ट साक्षीत सांगायची असते, आणि मी तीच सांगितली नाही.

निदान

शेवटी भाजलेली जखम चिघळली म्हणून गेले. वर्ध्याजवळच्या महारोग्यांच्या दवाखान्यात मी स्वतः पेशंट पाठवत असे. त्या दिवशी डोक्यावरून पदर ओढून, भिंतीकडे तोंड करून बाकावर बसले. बाकावर कुणाचा स्पर्श होऊ नये म्हणून अंग चोरलं. मग लक्षात आलं की आता त्यांनी माझ्यापासून अंग चोरायला हवं.

डॉक्टर तरुण होते. मला ओळखत होते. त्यांनी माझं कोपर हातात घेतलं आणि आतल्या बाजूची नस दाबून पाहिली. नस दोरीसारखी जाड होती. 

"सिस्टर," ते म्हणाले, "तुम्हीच सांगा."

"हो," मी म्हणाले. "माहीत आहे."

कानाच्या पाळीला आणि भुवईपाशी बारीक चिरा देऊन त्यांनी नमुने घेतले. रक्ताचा थेंब गालावर आला. मी विचारलं, "माझ्यामुळे बाळांना झाला असेल का?"

"औषध सुरू झालं की तुमच्यापासून कुणाला धोका नाही."

"आणि त्याच्या आधी?"

त्यांनी पेन खाली ठेवलं. "फार थोड्यांना होतो हा. पण मागचं मी खात्रीनं सांगू शकत नाही. खोटं कशाला बोलू?"

त्यांनी खोटं बोलायला हवं होतं, असं मला तेव्हा वाटलं. पुढची कितीतरी वर्षं त्या गावातलं कुठलंही मूल उघडं खेळताना दिसलं की माझी नजर त्याच्या पाठीवर जायची.

"घरच्यांना तपासायला घेऊन या," डॉक्टर म्हणाले. 

घर

आमच्या परसात पेरूचं झाड होतं. हे संध्याकाळी सायकल लावून तिथे हातपाय धुवायचे. मी तिथेच सांगितलं. त्यांच्या हातात लोटा होता. तो त्यांनी खाली ठेवला, मग उचलला, मग पुन्हा ठेवला.

"कोणाला सांगितलं?"

"कोणालाच नाही."

"नको सांगू." मग म्हणाले, "चल, प्रार्थना करू."

आम्ही आत गुडघे टेकले. हे बराच वेळ प्रार्थना करत होते. मला त्यातला एक शब्द आठवत नाही. आठवतं ते एवढंच की नेहमी प्रार्थना संपली की हे माझ्या खांद्यावर हात ठेवून उठायचे, त्या दिवशी भिंतीला हात टेकून उठले.

दुसऱ्या दिवशी माझं ताट आणि पेला वेगळ्या फळीवर होते. त्यांनी ठेवले होते. आम्ही त्याविषयी बोललो नाही. त्यांच्या जागी मी असते तर मीही तेच केलं असतं, हे मला माहीत होतं, म्हणून रागही येत नव्हता. राग आला असता तर बरं झालं असतं. करुणानं एकदा विचारलं, "आईचा पेला तिकडे का?" हे म्हणाले, "आईला खोकला आहे." आईला खोकला नव्हता. त्या दिवसापासून आमच्या घरात खोटं बोलायला सुरुवात झाली.

तिला दवाखान्यात नेताना मी म्हणाले, शाळेकडून तपासणी आहे. तिथल्या बाईंनी तिला डोळे मिटायला लावून अंगावरून कापूस फिरवला. मानेवर, पाठीवर, दंडावर. करुणाला गुदगुल्या झाल्या. ती खिदळायला लागली. "अजून एकदा," बाई म्हणाल्या, तर ही आणखी हसली. मी दाराबाहेर जाऊन तोंडात पदर कोंबून रडले. गुदगुल्या होत होत्या. लेकराला सगळीकडे गुदगुल्या होत होत्या! त्या अख्ख्या वर्षात मी देवाचे मनापासून आभार मानले असतील तर ते तेवढे एकदाच. ह्यांच्याही अंगावर काही निघालं नाही.

प्याला

दर महिन्याच्या पहिल्या रविवारी वर्ध्याच्या आमच्या देवळात प्रभुभोजन असतं. आधी पुरुष, मग बाया वेदीपुढच्या कठड्याशी ओळीनं गुडघे टेकतात. पाळकसाहेब भाकर देतात आणि मग एकच प्याला ओळीनं सगळ्यांच्या ओठांना लावतात. प्रत्येकानंतर कडा पांढऱ्या फडक्यानं पुसतात.

मी उठायचं बंद केलं. डॉक्टरांनी सांगितलं होतं की गोळ्या सुरू झाल्या, आता धोका नाही. पण मला कशावरच विश्वास ठेवता येत नव्हता. ओळ पुढे जाऊ लागली की मी गीतपुस्तकात तोंड घालायची. आमच्यात प्रभुभोजन न घेणं म्हणजे मनात काही पाप असणं किंवा कुणाशी वैर असणं. बायांत कुजबुज सुरू झाली की योहानराव आणि सुमनचं, म्हणजे ह्यांचं आणि माझं, पटत नाही.

रविवारच्या शब्बाथ शाळेत लहानपणी आम्ही येशूनं बऱ्या केलेल्या दहा कुष्ठरोग्यांचं नाटक बसवलं होतं. बरा होऊन आभार मानायला परत येतो तो एकजण मी झाले होते. तोंडाला राख फासली होती. नाटक संपल्यावर आईनं तोंड धुऊन दिलं आणि खेळ संपला. आता पवित्र शास्त्र उघडलं की माझी बोटं नको त्या पानावर, महारोग्यांच्या नियमांवर जायची. छावणीच्या बाहेर राहा, मी अशुद्ध आहे असं ओरडत चाला. ते नियम मी लहानपणापासून वाचत होते. ते माणसांसाठी लिहिलेत, हे कधी जाणवलं नव्हतं. मी शास्त्र ट्रंकेत ठेवून दिलं. देवाचीच भीती वाटायला लागली होती.

वॉर्ड

दुसऱ्या वर्षी पोळ्याच्या सुमारास दोन्ही कोपरं पेटली. रोग बरा होत असतानाच शरीर कधी कधी असं उसळतं, नसा सुजतात. वेळीच आवरलं नाही तर नस मरते. चार-पाच दिवसांत डाव्या हाताची ती दोन बोटं आत वळली. मग एका सकाळी तोंड धुताना साबण डाव्या डोळ्यात गेला. मी डोळा मिटला होता, तरी साबण आत गेला. आरशात पाहिलं. उजवा डोळा मिटत होता, डावा अर्धा उघडा राहून माझ्याकडे बघत होता.

हे दाढी करत होते. त्यांनी आरशात मला पाहिलं आणि वस्तरा ठेवून दिला. "कपडे भर," म्हणाले. "आत्ताच्या आत्ता जाऊ."

बायांच्या वॉर्डात मला खिडकीजवळची खाट मिळाली. दोन्ही हात प्लास्टरच्या पट्टीत बांधले. सकाळी घंटा झाली की सगळ्या बाया पाय पाण्यात बुडवून बसायच्या, मग तेल लावायच्या, एकमेकींचे तळवे उलटून भेगा, फोड, काटा शोधायच्या. ज्यांना दुखत नाही त्यांना डोळ्यांनीच शोधावं लागतं. मग गरम मेणाचा शेक, व्यायाम, ड्रेसिंग. अकराला जेवण. तिथवर माणूस कामात असतो.

मला भीती वाटायची दुपारची. जेवणं झाली की वॉर्ड गप्प व्हायचा. खिडकीतून ऊन खाटेवर यायचं आणि डोळा मिटत नसल्यानं ते सरळ आत जायचं. मी पडून हिशेब मांडायची. हा डोळा गेला तर. मग तो गेला तर. हात गेले तर करुणाची वेणी कोण घालेल, ती मला हात लावू देईल का, तिचं लग्न कोण करेल. प्रार्थना करायला जायची तर 'प्रभू' म्हणून थांबायची. पुढचं वाक्यच येत नसे. कितीतरी दुपारी माझी प्रार्थना त्या एका शब्दाची होती, आणि तोही मी हाक म्हणून म्हणत होते की सवय म्हणून, सांगता येत नाही.

पहिल्या दिवशी जेवणाची थाळी समोर आली आणि मी बघत बसले. हात बांधलेले. मदतनीस बाई दुसऱ्या टोकाला होती. शेजारच्या खाटेवरची बाई उठून माझ्याजवळ आली. तिची बोटं पेरांपर्यंतच उरली होती. तळव्याभोवती चामड्याचा पट्टा होता आणि त्यात चमचा खोवलेला होता. तिनं वरणभात कालवला.

"नर्सबाई, मले वळखलं नाई काय?"

मी नाही म्हणून मान हलवली.

"मी गया. नदीपल्याडची. माह्या पोराच्या टायमाले तुमीच आल्त्या."

मग आठवलं. आणि आठवलं तेव्हा मी तोंड फिरवलं असतं, पण फिरवायला जागा नव्हती. तिच्या बाळंतपणात मला तिच्या मांडीवर चट्टा दिसला होता. मी हातमोज्यांवर दुसरे हातमोजे चढवले होते. बाळ झाल्यावर तिच्या समोर फिनेलच्या पाण्यानं कोपरापर्यंत हात धुतले होते आणि तिच्या सासूला ओसरीवर, सगळ्यांना ऐकू जाईल असं सांगितलं होतं, हिला मोठ्या दवाखान्यात दाखवा, लेकराला हिच्यापासून दूर ठेवा.

"तुमी गेल्या," गया म्हणाली, "आन् चार दिवसानं मले माहेरी धाडलं. पोरगं सासूपाशीच वाढलं. दोन वर्स झाले, पाह्यलं नाई मी त्याले."

तिच्या आवाजात राग नव्हता. मला वाटलं, आता ही थाळी उलटी करेल. करावी असंही वाटलं.

"गया, मी..."

"मी इसरली नाई," ती म्हणाली. "इसरनार बी नाई. पन भूक तं लागली ना तुमाले? मंग आ करा."

चमचा माझ्या ओठांशी आला. तिचा तो हात माझ्या तोंडाजवळ आला आणि मला किळस आली. माझ्या स्वतःच्या अंगात तोच रोग असताना किळस आली. मी डोळे मिटले, म्हणजे एक मिटला, आणि तोंड उघडलं. तिनं ते पाहिलं असणार. तिला सगळं दिसायचं. तरी तिनं पूर्ण थाळी भरवली आणि माझी हनुवटी पदरानं पुसली.

पुढे पंधरा दिवस तिनं मला दोन्ही वेळा भरवलं. मी तिची माफी मागितली. ती म्हणाली, "बरं." माफ केलं, असं काही ती म्हणाली नाही. एका दुपारी तिनं विचारलं, "तुमचा देव काय म्हंते तुमाले?"

"काहीच म्हणत नाही, गया."

"आमच्यात देव नाई," ती म्हणाली. ती बौद्ध होती. "मी पाय धुते, तेल लावते, डोळ्यानं पाहून घेते. आजचा दिस झाला. उद्याचं भेव उद्या." आणि थोडं थांबून म्हणाली, "तरी वाट्टे भेव. दुपारचं लय वाट्टे."

इतक्या दिवसांत मला वाटत होतं, त्या वॉर्डात घाबरणारी मी एकटीच आहे.

करुणा

करुणा अचानक आली. शाळेच्या कपड्यांत, एकटी, दुपारच्या बसनं. ती आता चौदा पूर्ण झाली होती. दारात उभी राहून तिनं सगळ्या खाटा पाहिल्या, मग मला. जवळ आली नाही.

"तू मला शाळेची तपासणी म्हणाली होतीस."

"हो."

"बाबा म्हणाले तुला खोकला आहे. मग म्हणाले हात मोडला. मला वर्गातल्या पोरीनं सांगितलं, आई. सगळ्या वर्गासमोर. तिच्या आईनं तुला इथे येताना पाहिलं. मी तिला म्हटलं तू खोटं बोलतेस. मी भांडले तिच्याशी!"

मी रडायला लागले. रडताना डाव्या डोळ्यातून पाणी आधी यायचं, गालावरून कानात जायचं, आणि मला ते पुसता येत नव्हतं. करुणा ते बघत राहिली.

"तुझा डोळा का बंद होत नाही?"

"नस सुजली आहे. व्यायाम सांगितलाय. मिटायचा प्रयत्न करायचा, पुन्हा पुन्हा."

"मग कर ना."

"करते. होत नाही."

ती आली. खाटेच्या कडेला बसली. तिनं तिचा तळवा माझ्या डाव्या डोळ्यावर ठेवला आणि पापणी हळूच खाली ओढून धरली. किती दिवसांनी माझ्या डोळ्याला अंधार मिळाला.  "मला भीती वाटते, आई," ती म्हणाली, पण हात काढला नाही. गया शेजारच्या खाटेवरून म्हणाली, "तशीच धर, पोरी. त्याले आराम पाह्यजे."

त्यानंतर ती दर शनिवारी यायची. डोळा दोन-तीन महिन्यांत बराचसा परत आला. अजूनही थकले की पूर्ण मिटत नाही. बोटं मात्र वळलेलीच राहिली.

शेवटी या

घरी आले. बाळंतपणं संपली. त्या बोटांनी जमलं नसतं, आणि जमलं असतं तरी मी केलं नसतं. प्राथमिक आरोग्य केंद्रात लसीकरणाची नोंद ठेवायचं काम मिळालं. गयाला माझ्याच्यानं एवढंच करता आलं की तिच्या सासरी जाऊन मी त्याच ओसरीवर बसले, माझा वळलेला हात सगळ्यांसमोर ठेवला आणि सांगितलं, मीच बोलले होते आणि मी चुकीचं बोलले होते. सासूनं पाणीही विचारलं नाही. दिवाळीनंतर मात्र त्यांनी पोराला आईला भेटायला पाठवलं. एकदाच. पुढे काय झालं ते गयानं मला सांगितलं नाही, आणि मी विचारलं नाही.

काही वर्षांनी आमच्या जिल्ह्यात नवीन औषध आलं, लाल कॅप्सूल आणि बाकीच्या गोळ्या. लघवी लाल व्हायची. पहिल्यांदा पाहून मी जागेवर बसलेच, सांगितलेलं असूनही. कातडी काळी पडायला लागली. मंडळीतल्या बाया विचारू लागल्या, "सुमन, इतकी काळी कशानं पडलीस गं?" किती दिवस ऊन सांगणार?

मी ह्यांना म्हणाले, "मी पाळकसाहेबांना सांगणार आहे."

"कशाला?" हे म्हणाले. "आता तर बरी होते आहेस."

"मला प्रभुभोजन घ्यायचंय."

हे उठून परसात गेले.

पाळकसाहेब वयस्क होते, भले होते. त्यांनी सगळं ऐकलं. ऐकता ऐकता त्यांची खुर्ची जराशी मागे सरकली. ते त्यांनाही कळलं आणि ते ओशाळले. "मला दोन दिवस द्या, बाई," म्हणाले. ते स्वतः जाऊन डॉक्टरांना भेटले. परत येऊन म्हणाले, "डॉक्टर म्हणतात काही धोका नाही. तुम्ही अवश्य या. मी मंडळीला सांगेन." मग चष्मा काढून पुसायला लागले. "फक्त, लोकांचा विचार करून... शेवटी या. सगळ्यांच्या शेवटी."

म्हणजे माझ्यानंतर कुणाला त्या प्याल्यातून प्यावं लागणार नाही. मी "बरं" म्हणाले. घरी येऊन ह्यांना सांगितलं. हे पेरूच्या झाडाकडे बघत उभे राहिले. "ठीक आहे," म्हणाले.

त्या रविवारी पाळकसाहेबांनी सांगितलं तेव्हा देवळात खोकलासुद्धा ऐकू आला नाही. माझ्या बाकावरच्या दोघी उठून मागे जाऊन बसल्या. करुणा माझ्या शेजारी होती. तिनं माझा वळलेला हात स्वतःच्या मांडीवर घेतला, सगळ्यांना दिसेल असा.

पुरुष गेले. बाया गेल्या. करुणाही जाऊन आली. मग पाळकसाहेबांनी माझ्याकडे पाहिलं. बाकापासून कठड्यापर्यंतची ती वाट किती असेल? मी लेकरं घेऊन, पेशंट घेऊन, मैल न् मैल चालले आहे. तेवढी वाट मला झेपेना. गुडघे टेकले. पूर्ण कठडा रिकामा होता. भाकर जिभेवर ठेवली, ती कोरडी पडली, गिळवेना. प्याला आला. माझे दात त्याच्या कडेवर वाजले. मी प्याले. प्रार्थना आठवली नाही. एवढंच मनात आलं, आता सगळे बघताहेत.

पाळकसाहेबांनी कडा पुसली आणि प्याला ठेवायला वेदीकडे वळले.

पुरुषांच्या बाजूनं कुणीतरी उठल्याचा आवाज झाला. चपला तर बाहेरच होत्या, अनवाणी पावलं फरशीवर आली. हे माझ्या शेजारी गुडघे टेकून बसले.

पाळकसाहेब हळूच म्हणाले, "योहानराव, तुम्ही मघाशी..."

"मघाशी मी उठलो नाही," हे म्हणाले. "मी थांबलो होतो."

पाळकसाहेब परत वळले. मग त्यांनी भाकर दिली, आणि प्याला ह्यांच्या ओठांना लावला. मी बाजूनं पाहत होते. ह्यांच्या कपाळावर घाम होता.  प्रार्थनेच्या वेळी मिटतात तसे ह्यांचे डोळे मिटलेले नव्हते, ते प्याल्याच्या कडेकडे बघत होते. मग प्याले.

उठताना त्यांनी माझ्या खांद्यावर हात ठेवला.

उपासनेनंतर आम्ही तिघं बसस्टँडवर आंजीच्या गाडीची वाट पाहत उभे होतो. करुणा पुढे जाऊन पाटी वाचत होती. मी ह्यांना विचारलं, "भीती नाही वाटली?"

हे रस्त्याकडे बघत होते. "वाटली ना," म्हणाले. "अजून वाटते."

"मलाही," मी म्हणाले.

गाडी आली. गर्दी होती, पण ह्यांनी पुढे होऊन जागा धरली आणि मला खिडकीशी बसवलं.